लायलॅक, क्रुम्बीगल आणि माझी कुंडी

आज बंगळूरच्या इंदिरानगरातून, माझ्या गच्चीवरून बोलतोय.

काश्मीरला पोस्टिंग असताना लायलॅकचा वास डोक्यात बसला. निवृत्तीनंतर एक रोप आणून कुंडीत लावलं. सहा वर्षं पानं आली, फूल एकही नाही. खत बदललं, जागा बदलली, माळ्यावर उगाच चिडलो.

चूक माझीच होती. लायलॅकच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरतात, पण हिवाळाभर गारठा खाल्ल्याशिवाय उघडत नाहीत. कॅनडात ओटावाच्या सरकारी शेतीकेंद्रात इझाबेला प्रेस्टन यांनी १९२० मध्ये दोन चिनी जातींचा संकर केला. ही झुडपं कडाक्याची थंडी सोसतात आणि नेहमीच्या लायलॅकनंतर फुलतात. हवा ओळखून झाड निवडणं, ते हेच.

आपल्याकडे हेच काम गुस्टाव्ह क्रुम्बीगल या जर्मन माणसानं केलं. लंडनच्या क्यू बागेतून ते १८९३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात आले, १९०८ मध्ये म्हैसूर संस्थानात, लालबागेत. एका झाडाचा बहर ओसरला की दुसऱ्याचा सुरू व्हावा, अशी झाडं त्यांनी बंगळूरच्या रस्त्यांसाठी निवडली. परदेशी झाडंही आणली, पण इथल्या हवेला मानवणारी.

गेल्या डिसेंबरात माझं रोप शिमल्याला निघालेल्या एका मित्राच्या हाती दिलं. सैनिकाची बदली होते, तशी त्याचीही झाली. मार्चमध्ये गल्लीतला जॅकरंडा फुलला. रंग जवळपास तोच. सहा वर्षं मी त्याच्याकडे मान वर करून पाहिलंच नव्हतं.