शाहिरी, कॅसेट आणि रॅप

या व्याख्यानमालेत राजेरजवाड्यांचा इतिहास सांगणारे विद्वान पुष्कळ येऊन गेले. आम्ही विद्वान नव्हे. सातवीनंतर आमची शाळा सुटली. पुढचे जे काही वाचन झाले ते एस. टी.च्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत कंदिलाच्या उजेडात. तेव्हा आम्ही सांगणार तो इतिहास एका पत्र्याच्या ट्रंकेतला आहे.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा लोहाऱ्यातील आमच्या घराची दगडमातीची भिंत खाली आली. तिच्याखालून ही ट्रंक निघाली; कोपरे चेपलेले, कडी शाबूत. पुढे पुनर्वसनाच्या कामावरील मजुरांच्या रोजाच्या प्रश्नात आम्ही शिरलो आणि तेथून चळवळीत आलो. वडीलधारे कार्यकर्ते म्हणाले, हे कॅसेटचे खूळ सोडा, ही भांडवलदारांची करमणूक. आम्ही ट्रंकेला कुलूप घातले. ते गेल्या वर्षी उघडले, तेही पुतण्याच्या हट्टाने.

आत चाळीसेक कॅसेटी. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, वामनदादा कर्डक. त्यांच्या खाली 1982 चा 'डिस्को डान्सर', त्याच साली अमेरिकेत निघालेला मायकेल जॅक्सनचा 'थ्रिलर', आणि 1992 चे बाबा सेहगल यांचे 'ठंडा ठंडा पानी'. फीत सैल झालेली कॅसेट पेन्सिल घालून गुंडाळताना पुतण्या हसत होता. गाणे सुरू झाल्यावर मात्र तो हसायचा थांबला. म्हणाला, "काका, तुम्ही रॅप ऐकत होता?"

आता या 'ठंडा ठंडा पानी'चीच वंशावळ पाहा. ती चाल व्हॅनिला आइस नावाच्या अमेरिकन गोऱ्या गायकाच्या गाण्यावरून उचललेली. त्याने तिचा ठेका घेतला तो क्वीन हा रॉक संघ आणि डेव्हिड बोवी यांच्या 1981 च्या गाण्यातून. याला कोणी चोरी म्हणेल. पण आमच्याकडे सिनेमाच्या चालीवर भीमगीत बसविणे, लावणीच्या चालीवर भजन बसविणे, हे पिढ्यान् पिढ्या चाललेच आहे. वामनदादा मुंबईत गिरणी कामगार होते. त्यांची गाणी गावोगाव पोहोचली ती गाणाऱ्याला आधीच ठाऊक असलेल्या चालींच्या पाठीवर बसून. चाल सर्वांची, शब्द आपले.

हिप हॉपचा जन्मही असाच गरिबाघरचा. 11 ऑगस्ट 1973 रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील एका इमारतीत सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळेच्या कपड्यांसाठी पैसे जमावेत म्हणून नाचगाण्याचा कार्यक्रम ठेवला. तबकड्या वाजविण्यास तिचा भाऊ बसला, वय अठरा, जन्म जमैकाचा. पुढे तो कूल हर्क म्हणून प्रसिद्धीस आला. त्याने हेरले की गाण्यात जेथे नुसता ठेका वाजतो तेथेच लोक नाचावयास उसळतात. म्हणून तीच तबकडी दोन यंत्रांवर ठेवून तो तेवढाच तुकडा आलटून पालटून वाजवीत राही. त्या ठेक्यावर कोणी बोलू लागले, यमके जुळवू लागले, आणि रॅप उभा राहिला.

डफावर थाप, तुणतुण्याचा सूर, मागे झीलकऱ्यांची 'जी जी' आणि पुढे शाहिराचे भराभर बोलणे. पोवाडा ऐकलेल्या माणसास रॅप समजावून सांगावा लागत नाही. कलगी-तुऱ्याच्या सवाल-जवाबात एकाने कोडे टाकावे आणि दुसऱ्याने जागच्या जागी कवन रचून ते सोडवावे, हा खेळ न्यूयॉर्कच्या पोरांनी आपला आपण पुन्हा शोधला. पोवाड्यातून हिप हॉप निघाला असे कोणी म्हणू लागेल तर ती मात्र बढाई होय. भूक सारखी होती म्हणून आवाज सारखा निघाला, एवढेच आम्ही म्हणू.

1982 हे साल आम्हांस या दृष्टीने विसरता येत नाही. 18 जानेवारीस डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप पुकारला. त्याच वर्षी ग्रँडमास्टर फ्लॅश आणि त्याच्या साथीदारांचे 'द मेसेज' निघाले. पडक्या वस्तीतल्या माणसाचा कोंडमारा सांगणारे रॅप. आम्ही तेव्हा पोरसवदा. दोहोंपैकी एकाचीही बातमी आम्हांस नीट कळलेली नव्हती.

आणि आमच्या शेजारच्या बार्शीचे काय? अमर शेख तेथलेच, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, जन्म 1916. त्या काळी आम्ही निजामी मुलखात आणि बार्शी इंग्रजी मुलखात. ते तेथे गिरणीत राबले आणि तेथेच लाल बावट्याकडे वळले. 1944 मध्ये त्यांनी, अण्णा भाऊ साठ्यांनी आणि द. ना. गव्हाणकरांनी लाल बावटा कलापथक काढले. त्यांनी तमाशाला नावे ठेवली नाहीत. लोकांस जे आवडते तेच उचलून त्यांनी त्यात कामगार उभा केला. 18 जुलै 1969 रोजी अण्णा भाऊ गेले आणि 29 ऑगस्टला अमर शेख. सहा आठवड्यांत दोघे. चळवळीने त्यांच्या तसबिरी लावल्या, जयंत्या केल्या. लोकांच्या आवडीची चाल उचलण्याची त्यांची रीत मात्र सोडून दिली.

सोडणाऱ्यांत आम्हीही होतो, हे येथे कबूल केले पाहिजे. तीन वर्षांपूर्वी ऊसतोड कामगारांच्या मेळाव्यात एका तांड्यावरचा पोरगा माईक मागत होता; रॅप म्हणतो म्हणाला. आम्ही त्यास खाली बसविले आणि स्वतः पाऊण तास भाषण केले. निम्मी सभा उठून गेली. तो पोरगा पुन्हा आमच्या सभेस आला नाही.

ट्रंक उघडल्यावर आम्ही त्याला शोधीत तांड्यावर गेलो. त्याने आधी ओळखच दाखविली नाही. दाखवावी तरी का? पुतण्याने फोनवर 'स्वदेसी' संघाचे मराठी रॅप लावले, आम्ही आमची कॅसेट पुढे केली, तेव्हा तो बोलता झाला. मग त्याने आपले म्हणून दाखविले. मुकादमाची उचल, कोयत्याचा हिशेब, उसाच्या फडाशेजारची कोपी, आणि आईबरोबर गेल्यामुळे दरसाल बुडणारी धाकट्या बहिणीची शाळा. पाच मिनिटांत सारे. आमच्या भाषणात यांपैकी बहीण कधीच आलेली नव्हती.

दसरा झाल्यावर टोळ्या निघावयाच्या आदल्या रात्री पुन्हा सभा झाली. आमच्याकडे डफ होता, त्याच्याकडे फोन. फोनचा ठेका मधेच बंद पडला, तेव्हा एका म्हाताऱ्याने उठून डफ हाती घेतला आणि पोराच्या बोलण्यास थाप धरली. आम्ही मागे झीलकऱ्यांत उभे राहिलो.