मर्थर टिडफिलची निळी गोळी

व्हायग्रा या नावाने जगभर पोचलेले सिल्डेनाफिल हे औषध ज्या तक्रारीवर आज दिले जाते, तिच्यासाठी ते बनवलेलेच नव्हते. इंग्लंडच्या केंट परगण्यातील सँडविच येथे फायझर कंपनीची प्रयोगशाळा होती. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे रक्तदाबावर आणि अंजायनावर, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याने छातीत उठणाऱ्या कळेवर, औषध शोधले जात होते. त्यातून हाती आलेल्या संयुगाला यूके-९२,४८० असा क्रमांक मिळाला. हृदयावर त्याचा परिणाम यथातथाच निघाला.

कलाटणी मिळाली ती वेल्समधील मर्थर टिडफिल या गावात. एके काळी लोखंड आणि कोळशावर जगलेले हे गाव तोवर ओसरले होते. परिसरातली मर्थर व्हेल ही कोळसा खाण १९८९ मध्ये बंद पडली होती. काम गेलेल्या पुरुषांना औषधचाचणीत स्वयंसेवक म्हणून मिळणारे पैसे महत्त्वाचे होते. १९९२च्या सुमारास तेथे काही निरोगी पुरुषांना हे औषध दिवसातून तीनदा, दहा दिवस देण्यात आले. चाचणीच्या रिवाजाप्रमाणे त्यांना काय त्रास झाला ते विचारले गेले. पाठ दुखते, पोट बिघडते, पाय वळतात अशी उत्तरे आली. त्यांच्यातच काहींनी संकोचत आणखी एक गोष्ट सांगितली : लिंगाला नेहमीपेक्षा जास्त ताठरता येते. ती ‘दुष्परिणाम’ म्हणूनच टिपली गेली.

त्या नोंदीकडे दुर्लक्ष झाले नाही, याचे कारण शास्त्राची वेळ जुळून आली होती. शिश्नातील रक्तवाहिन्या सैल करून तेथे रक्त भरू देणारा निरोप्या म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, हे त्याच सुमारास स्पष्ट होत होते. त्याच्यामुळे पेशींत तयार होणारे द्रव्य एक विकर लगोलग मोडून टाकते. सिल्डेनाफिल त्या विकराला अडवते, इतकेच त्याचे काम. नायट्रिक ऑक्साइडवरच्या संशोधनासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि म्युराद यांना नोबेल मिळाले ते १९९८ मध्ये, आणि गोळीही त्याच वर्षी बाजारात आली.

तोवरचे उपाय पाहिले तर पुरुष किती हतबल होते ते कळते. १८८९ मध्ये पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार या बहात्तर वर्षांच्या शास्त्रज्ञाने कुत्रा व गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून तारुण्य परतल्याचे जाहीर केले. १९२०च्या दशकात व्होरोनॉफ हा शल्यविशारद माकडाच्या वृषणाचे काप श्रीमंत गिऱ्हाइकांच्या शरीरात बसवत असे. पुढे दोष शरीराकडून मनाकडे सरकला आणि रुग्णाला मानसोपचार सुचवले जाऊ लागले. शरीराची बाजू पुन्हा उभी राहिली ती १९८०च्या दशकात. फ्रान्समधील विराग यांनी १९८२ मध्ये पापाव्हरिनच्या इंजेक्शनाचा परिणाम दाखवला. पुढल्याच वर्षी लास व्हेगासच्या वैद्यकीय परिषदेत ब्रिंडली हे ब्रिटिश संशोधक ट्रॅकसूट घालूनच व्याख्यानाला आले. खोलीवर स्वतःला इंजेक्शन घेऊन ते आले होते. नुसत्या छायाचित्रांवर कोण विश्वास ठेवणार, म्हणून त्यांनी भर सभेत विजार उतरवून पुरावाच दाखवला. वैद्यकशास्त्राच्या इतिहासात इतके लाजिरवाणे आणि इतके परिणामकारक व्याख्यान दुसरे नसेल. उपाय मात्र शिश्नात सुई टोचून घेण्याचा होता, आणि त्याला तयार होणारे पुरुष थोडेच.

गोळीने हा अडथळा दूर केला. अमेरिकेत २७ मार्च १९९८ रोजी तिला परवानगी मिळाली. एका गोळीची किंमत दहा डॉलरच्या आसपास होती. शब्दही बदलले. अपमानकारक जुन्या शब्दाऐवजी ‘ताठरतेतील बिघाड’ या अर्थाची संज्ञा वापरावी, अशी शिफारस अमेरिकी तज्ज्ञांनी १९९२ मध्येच केली होती. बॉस्टन परिसरातील ४० ते ७० वयाच्या पुरुषांच्या पाहणीत निम्म्याहून अधिकांना ही तक्रार कमीअधिक प्रमाणात असल्याचे १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले होते. १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरलेले बॉब डोल प्रोस्टेटच्या कर्करोगातून उठले होते. ते दूरचित्रवाणीवर या विकाराबद्दल बोलले, तेव्हा तो घरोघरच्या दिवाणखान्यात पोचला.

अनुभव मात्र जाहिरातीइतका सरळ नव्हता. गोळी इच्छा निर्माण करत नाही. उत्तेजन नसेल तर ती काहीच करत नाही. हे न कळल्याने पहिल्याच वेळी ‘लागू पडली नाही’ म्हणून तिला नाव ठेवणारे पुष्कळ निघाले. भरपेट तेलकट जेवणावर घेतली तर ती उशिरा चढते. डोके दुखणे, चेहरा लाल होणे, नाक चोंदणे हे नेहमीचेच, आणि काहींना थोडा वेळ सगळे निळसर दिसते. तासभर आधी आठवणीने गोळी घ्यायची म्हणजे सहजपणा गेला, अशीही तक्रार होती. छत्तीस तासांपर्यंत परिणाम टिकणाऱ्या टॅडालाफिलला पुढे मागणी आली, तिचे हे एक कारण. गुण येऊनही बरेच पुरुष काही महिन्यांत गोळी सोडून देतात.

भारतात ही तक्रार नवी नव्हती आणि तिच्यावरचा बाजारही नवा नव्हता. वाजीकरण, म्हणजे कामशक्ती वाढवण्याची चिकित्सा, हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक. त्या शास्त्राच्या नावाखाली धातूच्या ऱ्हासाची भीती विकणाऱ्या वैदूंच्या जाहिराती मात्र रेल्वेरुळांलगतच्या भिंतींवर राहिल्या. अशा जाहिरातींना १९५४च्या कायद्याने बंदी असूनही त्या रंगवल्या गेल्या. उघड बोलणाऱ्याला त्रास होई. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरे देणाऱ्या र. धों. कर्व्यांवर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मध्ये त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली, तरी निकाल विरुद्ध गेला.

सिल्डेनाफिल येथे स्वस्त झाले ते १९७०च्या पेटंट कायद्यामुळे. त्यात औषधाच्या रेणूवर नव्हे, फक्त बनवण्याच्या रीतीवर हक्क मिळे. त्यामुळे २००१ पासून भारतीय कंपन्यांनी ते स्वतःच्या नावांनी आणले. कायद्याने चिठ्ठी आवश्यक असली, तरी दुकानातली गर्दी ओसरेपर्यंत थांबून हळू आवाजात नाव सांगणारे गिऱ्हाईक डॉक्टरांकडे गेलेले असतेच असे नाही. ‘शुद्ध वनौषधी’ म्हणून विकलेल्या कॅप्सूलांत चोरून मिसळलेले सिल्डेनाफिल देशोदेशी सापडले आहे.

येथेच खरा धोका आहे. अंजायनासाठी जिभेखाली ठेवायच्या सॉर्बिट्रेटसारख्या नायट्रेट गोळ्याही नायट्रिक ऑक्साइडच्याच वाटेने काम करतात. दोन्ही एकत्र आल्या तर रक्तदाब एकदम कोसळून मृत्यू येऊ शकतो. म्हणून नायट्रेट चालू असलेल्या रुग्णाला सिल्डेनाफिल देत नाहीत. ते घेतलेल्याच्या छातीत कळ आली, तर निदान २४ तास, आणि टॅडालाफिल घेतले असल्यास ४८ तास, नायट्रेट टाळावे लागते. रुग्णालयात पोचताच गोळी कधी घेतली ते डॉक्टरांना सांगावे, बायकोमुले शेजारी उभी असली तरीही.