झारची नवरी
२८ ऑक्टोबर १५७१. ‘इव्हान द टेरिबल’ म्हणून जगाला ठाऊक असलेला रशियाचा झार चौथा इव्हान तिसऱ्यांदा बोहल्यावर चढला. शेकडो मुलींमधून निवडलेली नवरी होती नोव्हगोरोदच्या व्यापाऱ्याची मुलगी, मार्फा सोबाकिना. निवड झाली आणि ती आजारी पडली. लग्नानंतर जेमतेम दोन आठवड्यांत गेली. कुणीतरी विष घातलं, असा झारचा संशय.

चर्चच्या नियमात चौथं लग्न बसत नव्हतं. पण मार्फा कुमारिका असतानाच वारली, असं सांगून इव्हानने १५७२मध्ये तीही परवानगी मिळवली. मेल्यावरही ती त्याच्या कामी आली. तिला स्वतःला काय हवं होतं, हे मात्र कुणी विचारल्याचं दिसत नाही.

१८९९मध्ये मॉस्कोत रिम्स्की-कोर्साकोव्हचा नवा ऑपेरा आला, ‘झारची नवरी’. लेव मेयच्या नाटकावर बेतलेली ही गोष्ट बरीचशी कल्पित आहे. यातल्या मार्फाचं दुसऱ्यावर प्रेम आहे, त्याच्याशी लग्नही ठरलंय. तेवढ्यात झारची निवड तिच्यावर येते. शेवटी विषाने भ्रमिष्ट झालेली ती राजवाड्यात उभी राहून त्या प्रियकराशीच बोलत गाते.

आणि झार? तो रंगमंचावरून नुसता जातो. त्याच्या वाट्याला एकही सूर नाही.