नकाशावरील काळा डाग

आल्बेर बेतानिए या फ्रेंच चित्रकाराचें १८८७ सालचें एक चित्र आहे. वर्गांत गुरुजी नकाशावरील काळा डाग गणवेशांतील एका मुलाला दाखवीत आहेत. तो डाग म्हणजे १८७१ सालीं जर्मनीनें घेतलेला आल्सेस व लोरेनचा कांहीं भाग. ऱ्हाईनपलीकडील शाळांत मात्र हाच प्रदेश स्वगृहीं परतला, असें शिकवीत. अशा वर्गांत वाढलेल्या पिढ्या १९१४ सालीं रणांगणावर समोरासमोर आल्या.

पुढें दुसरें महायुद्धही झालें. त्यानंतर १९५१ सालीं दोन्ही देशांचे इतिहासकार एकत्र बसले आणि वादग्रस्त प्रश्न पाठ्यपुस्तकांत कसे मांडावेत, याविषयीं त्यांनीं शिफारशी केल्या. २००३ सालीं उभय देशांतील विद्यार्थ्यांनीं बर्लिन येथें सामायिक इतिहास-पुस्तकाची मागणी केली. २००६ सालीं त्याचा पहिला खंड निघाला: मजकूर एकच, भाषा दोन.

१९५१ सालच्या शिफारशींपासून त्या पुस्तकापर्यंत पंचावन्न वर्षें लागलीं. शेजाऱ्याच्या पुस्तकांत आपलें दुःख कसें लिहिलें आहे, हें वाचण्याचें धैर्य मुलांना देणें, हाच जागतिक दृष्टीचा पहिला धडा होय.