चरबीचें कलम

चरबी म्हणजे अंगावरील निरुपयोगी ओझें, अशी आपणांपैकीं बहुतेकांची समजूत असते. चरबी फार वाढली तर मधुमेह जडतो, हेंही आपण ऐकून आहों. परंतु चरबी मुळींच नसली तरीही तोच रोग जडतो. हें कोडें ज्या प्रयोगांनीं उलगडलें, त्यांची हकीकत आज सांगावयाची आहे.

१८९३ सालीं जर्मनींत गुस्टाव नॉयबर या शस्त्रवैद्यांनीं रुग्णाच्या हाताची चरबी घेऊन त्याच्या चेहऱ्यावरील खोलगट व्रण भरून काढला. तेव्हां चरबी ही केवळ खड्डा बुजविण्याची वस्तु होती.

पुढें १९४६ सालीं लंडनच्या डॉ. रॉबर्ट लॉरेन्स यांनीं एका विलक्षण रुग्णाचें वर्णन प्रसिद्ध केलें. अंगावरील चरबी नाहींशी झालेली, तरी मधुमेह तीव्र, यकृत वाढलेलें आणि रक्तांत स्निग्धांश अतोनात! कोठार मोडलें म्हणजे धान्य घरभर सांडावें, तसा हा प्रकार होता.

१९९४ सालीं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठांत जेफ्री फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं लेप्टिनचा शोध लावला. चरबीच्या पेशी हा रस रक्तांत सोडून सांठा किती आहे, याची वर्दी मेंदूस देतात.

मग २००० सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेंतील संशोधकांनीं निर्णायक प्रयोग केला. जन्मतःच जवळजवळ चरबीहीन व मधुमेही असलेल्या उंदरांच्या त्वचेखालीं त्यांनीं निरोगी उंदरांची चरबी बसविली. रक्तांतील साखर उतरली! मात्र अल्प चरबीनें भागलें नाहीं. निसर्गतः असते जवळजवळ तितकी लागली. २००२ सालीं लेप्टिन नसलेली चरबी बसवून पाहिली, तेव्हां गुण आला नाहीं. कोठार होतें, पण वर्दी देणारा नव्हता.

२००८ सालीं बॉस्टनच्या जॉस्लिन मधुमेह केंद्रांत उंदरांच्या त्वचेखालील चरबी दुसऱ्या उंदरांच्या पोटांत बसविली असतां त्यांचें वजन व साखर घटली. म्हणजे सर्व चरबी एका गुणाची नसते.

आतां मनुष्याविषयीं. मधुमेहावर चरबीचें कलम हा उपाय वैद्यकांत रूढ झालेला नाहीं. कोणी तसें आमिष दाखविल्यास भुलूं नये. पण उंदरांनीं दिलेला धडा वायां गेला नाहीं. चरबी नाहींशी होण्याच्या त्या दुर्मिळ रोगावर कृत्रिम लेप्टिन टोंचण्यास अमेरिकेंत २०१४ सालीं मान्यता मिळाली. ज्यांच्या अंगीं कोठार नाहीं, त्यांना निदान वर्दी तरी मिळूं लागली. अतिरेक वाईट, तसा अभावही वाईट, हें आपले वडील आहाराविषयीं सांगत. चरबीच्या बाबतींतही तें खरें ठरलें आहे.