करदात्याच्या वतीने कोण बोलणार? आयकरातील अधिकृत प्रतिनिधीचा इतिहास

पेशवाईत ‘वकील’ म्हणजे मुख्यतः दुसऱ्याच्या दरबारात आपल्या धन्याच्या वतीने बोलणारा माणूस. निजामाच्या दरबारातील पुण्याचे वकील गोविंदराव काळे हे त्याचे परिचित उदाहरण. आपल्या जागी दुसऱ्याला पाठवण्याची ही जुनी रीत आयकराच्या कचेरीत कोणत्या अटींवर शिरली, ते येथे पाहू.

१८५७ च्या उठावाने सरकारी तिजोरीवर मोठा ताण आला, म्हणून जेम्स विल्सन यांनी १८६० मध्ये हिंदुस्थानात आयकर आणला. तो मधूनमधून बंदही झाला. १८८६ च्या कायद्याने मात्र कायमचा बसला. १९२२ च्या कायद्यातील कलम ६१ आपल्या विषयासाठी महत्त्वाचे आहे. करदात्याने आयकर अधिकाऱ्यापुढे स्वतः हजर राहावे किंवा लेखी अधिकार देऊन दुसऱ्याला पाठवावे, अशी मुभा या कलमाने दिली. तोंडी निरोप चालत नव्हता.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने यात मोठी सोय होती. पेढीची कीर्द-खतावणी कुठे मोडीत, कुठे गुजरातीत, कुठे महाजनीत लिहिलेली असे. एखादी नोंद उधारीची की उचलीची, हे धन्यापेक्षा मुनीमच चटकन सांगू शके. अधिकारपत्र घेऊन वह्यांसह तोच कचेरीत जाणे स्वाभाविक होते.

पुढे दार अरुंद झाले. १९३९ च्या दुरुस्तीने ‘कोणीही’ ऐवजी प्रतिनिधींचे ठरावीक वर्ग आले: नातेवाईक, नियमित नोकर, वकील, लेखापाल आणि आयकर व्यवसायी. पण लेखापाल म्हणायचे कोणाला? १९३२ पासून केंद्र सरकारकडे ‘रजिस्टर्ड अकाउंटंट’ची नोंद होऊ लागली होती, १ जुलै १९४९ रोजी चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा अमलात आला आणि या व्यवसायाला स्वतःची संस्था मिळाली. तिचे पहिले अध्यक्ष जी. पी. कपाडिया. दरम्यान १९४१ मध्ये स्थापन झालेल्या आयकर अपील न्यायाधिकरणात न्यायिक सदस्याच्या शेजारी लेखा सदस्यही बसू लागला होता. आकड्यांच्या जाणकाराला मिळालेली ही मान्यता थोडीथोडकी नव्हती.

तरी मुनीम कायद्यातून गेला नाही. १९६१ च्या कायद्यातील कलम २८८ मध्येही नातेवाईक आणि नियमित नोकर यांना जागा राहिली. विद्यार्थी बहुधा सनदी लेखापालाचा उल्लेख पाठ करतात आणि हा भाग सोडून देतात. ज्या लहान दुकानदाराला व्यावसायिकाची फी परवडत नाही, त्याला माझ्या मते हाच भाग अधिक उपयोगाचा.

अधिकारपत्राने सर्व काही दुसऱ्याच्या हाती जात नाही. शपथेवर जबाबासाठी जातीने बोलावले, तर प्रतिनिधी पाठवून भागत नाही. कराची मागणी करदात्याच्याच नावे निघते. विवरणपत्रावर सहीदेखील सर्वसाधारणपणे त्याचीच; तो देशाबाहेर असणे यांसारख्या प्रसंगी मुखत्यारपत्र असलेल्याला ती करता येते, आणि मग ते मुखत्यारपत्र विवरणपत्राला जोडावे लागते. म्हणजे बोलायला माणूस देता येतो, जबाबदारी देता येत नाही.

२०१९-२० पासून चेहराविरहित आकारणी सुरू झाली. कचेरीतील बाकावर वह्या उलगडून बसण्याचा प्रसंग त्यामुळे विरळ झाला. उत्तरे आणि कागदपत्रे संगणकावरून जातात. करदात्याने मागणी केल्यास सुनावणी व्हिडिओद्वारे होते, आणि त्या पडद्यावरही तो स्वतः किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी बोलू शकतो.