हीट प्रेस (वस्त्रछपाई)

हीट प्रेस हे उष्णता आणि दाब यांच्या साहाय्याने कागदावरील किंवा फिल्मवरील चित्र, अक्षरे वा रंग कापडावर उतरवणारे यंत्र आहे. टी-शर्ट, खेळाडूंच्या जर्सी, गणवेश व कापडी पिशव्या यांवर थोड्या संख्येने छपाई करणाऱ्या लघुउद्योगांत ते मुख्य यंत्र असते. स्क्रीन छपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळी जाळी तयार करावी लागत असल्याने दहा-वीस नगांचे काम सहसा परवडत नाही; हीट प्रेसवर एकच नगही छापता येतो. महाराष्ट्रात गणेशोत्सव मंडळे, गोविंदा पथके व स्थानिक क्रिकेट संघ यांची, विशेषतः प्रत्येक नगावर निराळे नाव वा क्रमांक असलेली कामे या यंत्रावर केली जातात.

रचना

यंत्राच्या वरच्या भागात विजेवर तापणारी ॲल्युमिनियमची प्लेट असते. खालच्या स्थिर प्लेटवर उष्णता सहन करणारी सिलिकॉनची मऊ गादी बसवलेली असते. कापड गादीवर अंथरून त्यावर छापील कागद किंवा फिल्म ठेवतात व तापलेली प्लेट ठरावीक वेळ दाबून धरतात. तापमान, दाब आणि वेळ या तीन गोष्टींवर छपाईचा दर्जा ठरतो. त्यांपैकी वेळ मोजणे सोपे असून स्वस्त यंत्रेही ते अचूक करतात. यंत्रायंत्रांतील खरा फरक उरलेल्या दोहोंत असतो.

छपाईची पद्धत आणि यंत्र

कोणते यंत्र घ्यावे हे प्रथम कापड व छपाईच्या पद्धतीवर अवलंबून असते. सबलिमेशन पद्धतीत कागदावरील रंगाचे उष्णतेने वायूत रूपांतर होऊन तो पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरतो. त्यासाठी साधारणपणे १९० ते २०५ अंश सेल्सियस तापमान ४० ते ६० सेकंद टिकवावे लागते. हा रंग सुती धाग्यात मुरत नाही आणि तो पारदर्शक असल्याने गडद कापडावर दिसत नाही. म्हणून ही पद्धत पांढऱ्या व फिक्या पॉलिएस्टरपुरती मर्यादित आहे. मिश्र कापडावर केवळ पॉलिएस्टरचा अंश रंग धरतो व चित्र फिकट उमटते.

विनायल व डीटीएफ या पद्धतींत रंग धाग्यात न शिरता उष्णतेने वितळणाऱ्या चिकट थराच्या आधारे कापडावर बसतो. त्यांना साधारणपणे १५० ते १६५ अंश तापमान व १० ते १५ सेकंद पुरतात. सुती आणि गडद कापडावरही त्या चालतात. गडद पॉलिएस्टरवर मात्र जास्त तापमान घातक ठरते. कापडाचा मूळ रंगच उडून वरच्या थरात शिरतो आणि लाल जर्सीवरील पांढरा क्रमांक गुलाबी होतो. हा बदल कधी कधी काही तासांनी, माल बांधून झाल्यावर दिसतो. त्यामुळे अशा कामासाठी कमी तापमानावर स्थिर राहणारे यंत्र आणि कमी तापमानात चिकटणारी फिल्म यांची जोडी जमवावी लागते.

तापमानाची समानता

यंत्राच्या पडद्यावर दिसणारा आकडा प्लेटवरील एकाच ठिकाणच्या संवेदकाचा असतो. कडा व कोपरे त्याहून थंड असू शकतात. तापतार ॲल्युमिनियमच्या ओतीव प्लेटमध्येच बसवलेली असेल आणि तिचे वेटोळे जवळजवळ असतील, तर उष्णता सारखी पसरते. पातळ प्लेट लवकर तापते, पण कापडाला टेकताच लवकर थंडही होते. जाड प्लेट, जाड बुडाच्या तव्याप्रमाणे, उष्णता धरून ठेवते. सलग काम करताना विसाव्या नगावर तापमान किती घसरते हे म्हणूनच पहिल्या नगापेक्षा महत्त्वाचे असते.

थंड कोपऱ्याचा दोष सबलिमेशनमध्ये लगेच दिसतो, कारण तेथील रंग फिका पडतो किंवा राखाडी छटेला वेगळीच झाक येते. विनायल व डीटीएफमध्ये तो लपून राहतो. चित्र नीट बसल्यासारखे दिसते आणि दोन-चार धुण्यांनंतर कडा सुटू लागतात. तोवर कपडे ग्राहकाच्या घरी गेलेले असतात व नुकसान एका नगाचे न राहता संपूर्ण मागणीचे होते. यंत्र घेण्यापूर्वी पांढऱ्या पॉलिएस्टरच्या तुकड्यावर प्लेटएवढा सलग राखाडी नमुना छापून पाहणे ही सर्वांत सोपी चाचणी होय. अवरक्त तापमापक चकचकीत धातूवर प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवतो. त्यामुळे स्पर्शाने मोजणारा तापमापक अधिक विश्वसनीय असतो.

कापडातील ओलावाही उष्णता खातो. सामान्य दमट हवेत सुती कापड आपल्या वजनाच्या सुमारे ७ ते ८ टक्के पाणी धरते, तर पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहून कमी. पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, छपाईपूर्वी सुती कापड ३ ते ५ सेकंद नुसतेच दाबून कोरडे करण्याची गरज अधिक भासते.

दाब

हातयंत्रात दाब स्क्रूने जुळवून दांड्याने देतात. त्याला आकडा नसतो आणि जाड कापड आले की तो पुन्हा जुळवावा लागतो. दिवसभर दांडा ओढल्याने कामगाराचा हात थकतो व संध्याकाळचा दाब सकाळइतका राहत नाही. वायुदाबावर चालणारी यंत्रे ही अडचण दूर करतात, पण त्यांना कॉम्प्रेसर लागतो. त्याचा खर्च, जागा व आवाज हिशेबात धरावा लागतो.

वायुयंत्राच्या मापकावरील आकडा नळीतील हवेचा असतो, कापडावरील दाबाचा नव्हे. १०० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये ६ बार हवा सोडल्यास सुमारे ४८० किलोग्रॅम भाराइतके बल मिळते. ते थेट ३८ × ३८ सेंटिमीटर प्लेटवर पसरले, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.३३ किलोग्रॅम भार येतो. ४० × ६० सेंटिमीटर प्लेटवर तोच ०.२० पर्यंत उतरतो. त्यामुळे तेवढ्याच सिलिंडरचे मोठे यंत्र पूर्ण आकाराच्या छपाईत कमी दाब देते. जाहिरातीत मोठ्या प्लेटवर भर असतो, ही बाब क्वचितच सांगितली जाते.

दाबाची समानता तपासण्यासाठी चारही कोपऱ्यांत कागदाच्या पट्ट्या ठेवून प्लेट थंड असतानाच बंद करतात. एखादी पट्टी सहज ओढता आली, तर त्या कोपऱ्यात दाब कमी आहे असे समजतात. शिवण, चेन किंवा बटण प्लेटखाली आल्यासही आसपासचा भाग उचलला जातो. अशा वेळी आत उशी घालतात, किंवा ज्यावर टी-शर्ट चढवता येतो अशी खालची प्लेट निवडतात.

उघडण्याच्या पद्धती

क्लॅमशेल यंत्र शिंपल्याप्रमाणे मागच्या बिजागरीवर उघडते. ते कमी जागेत मावते व स्वस्त असते. मात्र जाड वस्तूवर मागची कड आधी टेकते आणि कापड मांडताना हात तापलेल्या प्लेटखाली जातात. स्विंग प्रकारात प्लेट बाजूला फिरते व दाब सरळ खाली येतो; तिला फिरण्यासाठी बाजूला मोकळी जागा लागते. ड्रॉवर प्रकारात खालची प्लेट खणासारखी पुढे सरकते. वेळ संपताच आपोआप उघडणारे यंत्र एकट्याने काम करणाऱ्यास सोयीचे असते, कारण लक्ष चुकले तरी कापड करपत नाही.

वीज व उत्पादन

३८ × ३८ सेंटिमीटर आकाराची यंत्रे बहुधा १४०० ते १८०० वॅटची असतात. २३० व्होल्टवर १८०० वॅटचे यंत्र सुमारे ७.८ अँपिअर प्रवाह घेते. भारतातील घरगुती ६ अँपिअरचा सॉकेट त्यास अपुरा पडतो. १६ अँपिअरचा सॉकेट व योग्य अर्थिंग आवश्यक असते. दाब कमी झालेल्या विजेवर प्लेट उशिरा तापते व दोन नगांमधील वेळ वाढतो.

सबलिमेशनमध्ये दाबण्यास ५० आणि मांडणी-काढणीस २५ सेकंद धरल्यास तासाला ४८ वेळा छपाई होते. २०० जर्सी दोन्ही बाजूंनी छापायच्या तर ४०० वेळा, म्हणजे विश्रांती न घेता ८ तास २० मिनिटे लागतात. दोन खालच्या प्लेट असलेल्या यंत्रात एक नग दाबला जात असताना दुसरा मांडता येतो. उत्सवाच्या तोंडावर येणाऱ्या कामांत हा फरक मोलाचा असतो, वर्षभर तुरळक काम असणाऱ्यास तितका नाही.

सुरक्षितता

वीज बंद केल्यावरही प्लेट बराच वेळ तापलेली राहते, त्यामुळे यंत्र मुलांच्या व ये-जा करणाऱ्यांच्या वाटेत ठेवत नाहीत. तापलेल्या फिल्म, शाई व चिकट भुकटीच्या वाफांसाठी खोलीत हवा खेळती लागते. प्लेटवरील टेफ्लॉनचे आवरण साधारण २६० अंशांच्या वर विघटित होऊ लागून हानिकारक वायू सोडते. छपाईस तितके तापमान कधीच लागत नाही. जुने यंत्र घेताना वायर, थर्मोस्टॅट व अर्थिंग वीजतंत्रज्ञाकडून तपासून घेतले जाते, आणि कडक झालेली किंवा खड्डे पडलेली गादी बदलली जाते.